आखाजीला गावात 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' दाखवावा का? आप्पांसाठी विचारतेय

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. नुसतं "सिनेमा कसा आहे" एवढंच विचारायचं असतं तर दोन ओळींत भागलं असतं. पण प्रश्न आप्पांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर पारोळा तालुक्यात. आप्पांचं गॅरेज हायवेला, म्हणजे तेव्हाच्या सहा नंबरच्या हायवेला. राजदूत, येझदी, बुलेट, नंतर लुना आणि एम-एटी, पंचक्रोशीतल्या सगळ्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. दूधवाले, मास्तर, कापसाचे व्यापारी, सगळे त्यांच्याकडे यायचे. गॅरेज कधी बंद नसायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलासुद्धा घागर भरून, रस-पोळी जेवून झाली की दुपारी शटर वर. त्यामुळे आप्पांची एक इच्छा राहिली ती राहिलीच. स्वतःच्या हातानं उभी केलेली गाडी घेऊन तोरणमाळला जायचं, सातपायरीचा घाट न थांबता चढायचा आणि यशवंत तलावाच्या काठाला गाडी लावायची. मी शाळेत होते तेव्हापासून हे ऐकत आलेय.

गॅरेज सोडल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक राजदूत १७५ बांधायला घेतली. टाकी एका गाडीची, चेसी दुसरीची, इंजिन भंगारातून आणलेलं. ते इंजिन पुरतं खोलून झालं आणि गेल्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. धुळ्याला नेलं, स्टेंट टाकला. घरी आल्यावर दादानं शेडला कुलूप लावलं. दादा वाईट नाही, तो घाबरलाय. "आते काय करनं शे तठे?" एवढंच म्हणाला. आप्पा वाद घालत नाहीत. सकाळपासून ओट्यावर बसून असतात. रस्त्यानं गाडी गेली की मान न वळवता सांगतात, हिची चेन ढिली झालीय, हिचा सायलेन्सर चोक आहे. आणि पुन्हा गप्प.

मध्यंतरी हा सिनेमा पाहिला. रॉजर डोनाल्डसन यांचा, २००५ चा. अँथनी हॉपकिन्स यांनी बर्ट मन्रो हा न्यूझीलंडचा म्हातारा उभा केलाय. इन्व्हरकार्गिल हे त्याचं गाव, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला. तिथे एका शेडमध्ये तो राहतो, तिथेच झोपतो, तिथेच चहा करतो आणि १९२० सालची एक मोटरसायकल वर्षानुवर्षं घडवत असतो. (इंडियन हे त्या गाडीच्या अमेरिकन कंपनीचं नाव, गाडीचं मॉडेल स्काउट. नाहीतर गावातले लोक शेवटपर्यंत आपला भारतीय माणूस कधी येतो याची वाट पाहतील.) अमेरिकेत युटा राज्यात बॉनव्हिलला मिठाचं सपाट मैदान आहे, तिथे ही गाडी एकदा मोकळी सोडून बघायची, हा त्याचा ध्यास. छातीचं दुखणं आहे, पैसा नाही, तरी बोटीवर स्वयंपाक करत करत तो तिकडे पोचतो.

त्याच्या शेडमध्ये एक फळी आहे. तिच्यावर फुटलेले पिस्टन आणि मोडलेले भाग मांडून ठेवलेत, आणि वेगाच्या देवाला हे अर्पण, असं तिथे लिहिलंय. मी तिथे सिनेमा थांबवला आणि बराच वेळ ते चित्र बघत बसले. आप्पांच्या शेडमध्ये तशीच फळी आहे. जळालेले पिस्टन, तुटलेल्या रिंगा, एक वाकलेला क्रँक. भंगारवाल्यानं कितीदा मागितलं, आप्पांनी दिलं नाही. खंडेनवमीला पाने-पक्कड धुऊन पुसून मांडले की त्या फळीलाही झेंडूची माळ आणि कुंकू. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच गॅरेजमध्ये असं असतं.

म्हणून डोक्यात आलं की आखाजीला आम्ही सगळ्या बहिणी माहेरी असतो, रात्री खळ्यात पडदा लावून हा सिनेमा दाखवावा. आप्पा, त्यांचे जुने सोबती, गावातली पोरं, बायका सगळ्यांना. पण इंग्रजी कुणाला येत नाही. दर दोन मिनिटांनी थांबवून सांगू की आधीच सांगून टाकू? आप्पा नक्की विचारतील, "हे खरं झालंय का?" तेव्हा कुठलं खरं आणि कुठलं सिनेमावाल्यांनी घातलेलं, हे मला नीट सांगता आलं पाहिजे. आणि दादा म्हणतोय, दाखवू नको, उगीच त्यांच्या डोक्यात भरेल आणि ते उठून किक मारायला जातील. दादाची भीती मला खोटी वाटत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?

लेथवाला_जळगाव

ताई, बिनधास्त दाखवा. मी एमआयडीसीत लेथ चालवतो. हा सिनेमा आमच्या शॉपमध्ये दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर तुकड्या-तुकड्यानं पाहिला गेलाय. इंग्रजी आम्हालाही बेताचंच येतं. पण शेडमधल्या प्रसंगात कुणी कुणाला काही विचारलं नाही. तो म्हातारा स्टोव्हवर धातू वितळवतो, शेजारचा पोरगा बाजूला उभा राहून बघतो, इथे भाषांतर कशाला पाहिजे?

आप्पांना सांगायला काही गोष्टी देतो, त्यांना याच्यात रस असणार. बर्टची स्काउट कारखान्यातून निघाली तेव्हा ६०० सीसीची होती आणि ताशी ८९ किलोमीटरच्या पुढे जात नव्हती. तीच त्यानं पुढे ९५० सीसीपर्यंत नेली. मूळ इंजिन साइड व्हॉल्व्हचं. त्यानं व्हॉल्व्ह वर नेले, ओव्हरहेड केले. म्हणजे हेड नवं, रॉकर नवे, पुशरॉड नवे, आणि यातलं काहीच दुकानात मिळणारं नव्हतं. पिस्टन जुन्या डब्यांत ओतले. बॅरलसाठी, म्हणजे सिलिंडरसाठी बिडाचा जुना गॅसपाइप वापरला. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हातानं घडवले. मोजायला काय, तर जुन्या स्पोकपासून केलेला मायक्रोमीटर. माझ्याकडे आज डिजिटल व्हर्निअर आहे, तरी पिस्टन आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) यांच्यातला गाळा धरताना मी दोनदा श्वास रोखतो.

पिस्टन ओतणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. घरातली भांडी वितळवून पिस्टन होत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम तापलं की फार फुगतं, बोअरमध्ये जाम होतं. पिस्टनच्या धातूत सिलिकॉन असतं, ते फुगणं आवरतं. म्हणून जुने पिस्टनच वितळवायचे. मूस लाल होईस्तोवर थांबायचं, वर आलेली मळी काढायची, साचा आधी गरम करून घ्यायचा. साचा गार राहिला की धातू मध्येच गोठतो. ओल राहिली तर आत फोड धरतात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. लेथवर शेवटचा हात फिरवताना टोचा मारल्यासारखं एक भोक उघडं पडतं आणि अख्खा दिवस वाया. मग ते पुन्हा मुशीत. बर्टनं हे किती वेळा केलं असेल याचा अंदाज त्या फळीकडे बघून येतो. आप्पांना त्या फळीवर काय लिहिलंय ते सांगायचीही गरज नाही.

दर दोन मिनिटांनी थांबवू नका, सगळी मजा जाईल. कीर्तनकार कसा आधी निरूपण करतो आणि मग आख्यान रंगवतो, तसं करा. सुरुवातीला उभं राहून तुमच्या बोलीत दहा मिनिटं गोष्ट सांगा, शेवटासकट सांगा. आणि मग सोडून द्या. म्हातारी माणसं शेवट कळला म्हणून कंटाळत नाहीत.

टायरचा प्रसंग येईल तेव्हा पोरांना पुढे बसवा. तो सुरीनं टायरवरची नक्षी सोलून काढतो. त्या वेगाला टायर बाहेरच्या बाजूला फुगतो, वर जाड रबर असेल तर ते उखडून उडतं. आणि जुन्या टायरच्या भेगा बुजवायला बुटाचं पॉलिश! तपासणारे अधिकारी हे सगळं बघून डोक्याला हात लावतात. पॅराशूट नाही, आग विझवायची सोय नाही. तिथे तुमच्या खळ्यात शिट्ट्या पडतील, लिहून घ्या.

नोंदवही

खरं-खोटं विचारलंय म्हणून मला माहीत आहे ते लिहितो.

बर्ट मन्रो खरे होते. जन्म १८९९ चा, मृत्यू १९७८ चा. गाडी १९२० मध्ये घेतली ती जवळजवळ आयुष्यभर त्यांच्याकडे होती. नोकरी म्हणजे मोटरसायकली विकायच्या आणि दुरुस्त करायच्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तीही सोडून ते पूर्णवेळ शेडमध्ये उतरले. सिनेमात सगळं एकाच प्रवासात घडतं, पहिल्यांदा गेला आणि विक्रम करून आला. प्रत्यक्षात ते बॉनव्हिलला अनेकदा गेले. १९६२ मध्ये पहिला विक्रम, ताशी सुमारे २८८ किलोमीटर, वय ६३. सगळ्यात गाजलेला विक्रम ऑगस्ट १९६७ चा, १००० सीसीच्या आतल्या वर्गातला, ताशी २९५ किलोमीटरच्या वर. तेव्हा वय ६८ आणि गाडीचं वय ४७. त्याच वर्षी एका बाजूच्या पात्रता फेरीत त्यांनी ताशी ३०५.८९ किलोमीटर गाठले होते. सिनेमातला शेवटचा आकडा याहून मोठा आहे. तो अधिकृत विक्रम नाही, आप्पांना तसं सांगा.

विक्रम दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी काढून धरतात, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा एका फेरीत झाला तर दुसऱ्या फेरीत तो छातीवर येतो आणि हिशेब बरोबर होतो. याच सरासरीची एक गोष्ट मला सिनेमापेक्षाही आवडते. १९६७ च्या नोंदीत गणिताची चूक राहून गेली होती. बर्टचा मुलगा जॉन याच्या ते पुढे कधीतरी लक्षात आलं. त्यानं ते अमेरिकन मोटरसायकल संघटनेला कळवलं आणि २०१४ मध्ये आकडा दुरुस्त झाला, ताशी २९५.४५ चे २९६.२६ किलोमीटर. बाप जाऊन ३६ वर्षं झाल्यावर मुलानं बापाच्या खात्यात राहिलेलं पाऊण किलोमीटर जमा करून घेतलं.

आणखी एक. हे डोनाल्डसन म्हणजे कुठून तरी गोष्ट उचलून आणलेले दिग्दर्शक नव्हेत. बर्ट हयात असताना, १९७१ मध्ये, त्यांनी बर्टवर माहितीपट केला होता. त्या फळीवरचेच शब्द त्याच्या नावात आहेत. मग तीसेक वर्षं हा सिनेमा त्यांच्या मनात होता. म्हणजे एक ध्यास पडद्यावर आणि एक कॅमेऱ्यामागे. सिनेमा संथ आहे, वाटेत भेटणारी माणसं जरा जास्तच भली आहेत, असं काहींना वाटतं. मला ते खटकलं नाही. ज्यानं तीस वर्षं एखाद्या माणसावर माया केली तो असाच सिनेमा काढणार.

माजघर

वरचं सगळं वाचलं. सिनेमा मीही पाहिला आहे, डोळ्यांत पाणी आलं हेही खरं. पण कुणी बोललं नाही ते बोलते.

सिनेमातला बर्ट एकटा दिसतो, शेजारी, एक पोरगा आणि गाडी. खऱ्या बर्टचं लग्न झालं होतं, चार मुलं होती. पुढे नवरा-बायको वेगळे झाले. जो माणूस रात्रंदिवस शेडमध्ये असतो त्याच्या घरात दिवा कोण लावत होतं, पोरांच्या फीचं कोण बघत होतं, हे सिनेमा विचारत नाही. विक्रम त्याच्या नावावर लागला, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या सासऱ्यांना नाटकाचा नाद होता, दौरे करायचे, आणि सासूबाईंनी कपाशी वेचून घर चालवलं. सासऱ्यांचा सत्कार झाला तेव्हा सासूबाई मागे भांडी घासत होत्या. मी स्वतः पाहिलंय.

बोरीकाठची ताई, तुझ्या पोस्टमध्ये आप्पा आहेत, दादा आहे, आप्पांचे सोबती आहेत. आई कुठेय? कुलूप लावताना दादानं आईला विचारलं का? सिनेमा दाखवायचा की नाही हे तू आम्हाला विचारतेस, आधी आईला विचार. मी रागानं लिहीत नाहीये, मला खरंच तिचं म्हणणं ऐकायचं आहे.

रात्रपाळी

मी नर्स आहे, हृदयरुग्णांच्या वॉर्डात काम केलंय. सिनेमा बघून स्टेंट हलत नाही, दादांना सांगा. बर्ट जिभेखाली गोळी ठेवतो ते दाखवलंय, ते बघून आप्पा स्वतःच्या गोळ्यांबद्दल दोन शब्द बोलले तर उलट बरंच.

काळजी दुसरीकडे घ्यायची आहे. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे कानस किंवा पत्रा लागला तर रक्त लवकर थांबत नाही. शेडमध्ये जाणार असतील तर जाड हातमोजे, आणि जवळ कुणीतरी असावं. आखाजीच्या सुमाराला आपल्याकडे पारा ४३-४४ च्या घरात असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. काम पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. राजदूतची किक जड असते, ती मारायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ट्रेडमिलची तपासणी करून ते नेमकं सांगतील. "गाडी चालवू का" असं मोघम विचारू नका. किक, घाट, किती तास, ऊन किती, सगळं सांगून विचारा. डॉक्टर "आराम करा" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना कुणी पूर्ण प्रश्नच विचारलेला नसतो.

चोपडा_साउंड

पडदा-प्रोजेक्टरचं काम करतो म्हणून थोडक्यात. अंधार पडल्याशिवाय चित्र दिसत नाही, आठच्या आत सुरू करू नका. सिनेमा दोन तास सात मिनिटांचा. या दिवसांत संध्याकाळी वारा सुटतो, पडद्याला खालूनही दोरी पाहिजे, नाहीतर शिडासारखा फुगतो. लाइटचा भरवसा नाही, जनरेटर खळ्यापासून लांब ठेवा. आणि चित्रापेक्षा आवाजावर पैसे घाला. मिठावर गाडी सुटते तेव्हा साधा टीव्हीचा स्पीकर नुसता घरघरतो. खालचा जड आवाज नीट यायला दोन मोठे बेस पाहिजेत.

घरच्यांसोबत बघण्याजोगा आहे. बर्ट रोज सकाळी लिंबाच्या झाडाला स्वतःचं 'खत' घालतो, त्यावर बायका पदर तोंडाला लावून हसतील. मोटेलच्या काउंटरवर टीना भेटते, पुरुष म्हणून जन्मलेली आणि बाईच्या वेषात राहणारी. बर्टला आधी कळत नाही, कळल्यावरही तो तिच्याशी तितक्याच मायेनं वागतो. हा प्रसंग कापू नका. गावातल्या पोरांनी बघायला पाहिजे.

बोरीकाठची

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. माजघर, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचेना. मग आईला फोन लावला.

आधी ती म्हणाली, सिनेमा कुठलाही लाव, सांजोऱ्या मी करणार आहेच. मग मी शेडचं विचारलं. तेव्हा कळलं की कुलूप लावलं त्या दिवशी तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. गॅरेजचा हिशेब सगळी वर्षं आईनं ठेवलाय, हे मी वर लिहायला हवं होतं. शाळेच्या जुन्या वह्यांत मागच्या कोऱ्या पानांवर, कुणाची उधारी, कुणाचे टायर, कुणी कापूस विकल्यावर देतो म्हणालं. आप्पा कुणाला पैसे मागत नसत, आई बाजाराच्या दिवशी मागायची. राजदूतचं इंजिन भंगारातून आणलं त्याचे पैसेही तिनंच दिलेत, शेळी विकून. मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, आई, तुला राग नाही आला? तर म्हणाली, राग यायचा तेव्हा येऊन गेला. "त्यास्ले बसू दे तठे. हात चालना की त्यास्ले जेवन जास." ओट्यावर बसले की अर्धी भाकरी ताटात राहते म्हणे, आणि ती कुणी बघत नाही, तीच बघते.

मग ती आणखी एक बोलली. तोरणमाळला मागच्या सीटवर ती स्वतः बसणार होती, असं ठरलं होतं. लग्न झालं त्या वर्षी. आम्हा भावंडांना ही गोष्ट आप्पांनी नेहमी एकट्यानं जायची म्हणून सांगितली. आईनंही कधी दुरुस्त केली नाही.

तर ठरलं ते असं. सिनेमा दाखवायचा. सुरुवातीला गोष्ट मी सांगेन, अहिराणीत, शेवटासकट. बर्टच्या बायको-मुलांचंही सांगणार, सिनेमात नसलं तरी. जॉननं सरासरी दुरुस्त करून घेतल्याची गोष्ट मात्र मी दादाला सांगायला लावणार आहे. त्याला ती कालच फोनवर वाचून दाखवली, तो ऐकून "बरं" म्हणाला आणि विषय बदलला. दादाचं बरं म्हणजे बरंच असतं. रात्रपाळी ताईंचा मजकूर जसाच्या तसा त्याला पाठवलाय. डॉक्टरांची वेळ त्यानंच घेतली, आणि किक, घाट, ऊन असे सगळे प्रश्न कागदावर लिहून घेतलेत. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, ते ऐकायचं. घाट नाही म्हणाले तर गाडी टेम्पोत घालून वर नेऊ आणि तलावाभोवतीच्या सपाट रस्त्यावर चालवू, हेही आम्ही बोलून ठेवलंय. आईला मागे बसवून. शेडची किल्ली सध्या आईकडे आली आहे. सकाळी उन्हं व्हायच्या आत दोन तास, दादाचा मुलगा सोबत.

लेथवाला दादा, तुमच्याकडे एक काम आहे. इंजिनाचा बोअर खराब आहे, पिस्टनला उभे ओरखडे आहेत. आप्पांना नवा पिस्टन स्वतः ओतायचा होता. आता भट्टीजवळ बसू देणार नाही, ते नक्की. पण तुमच्याकडे बोअरिंग करून मिळेल का?

लेथवाला_जळगाव

मिळेल म्हणजे काय, घेऊन या. बॅरल आणि जुना पिस्टन दोन्ही आणा, नुसतं माप सांगू नका. मी बोअर वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजणार, प्रत्येक ठिकाणी दोन बाजूंनी. झीज एका अंगाला जास्त असते, त्यावर कितवा ओव्हरसाइज, म्हणजे किती मोठा पिस्टन लागेल ते ठरेल. ओरखडे उभे म्हणताय, तर गजनपिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं) लॉक सुटून फिरलं असेल, ती खाच बघून घ्या. ओरखडा फार खोल असेल तर बोअरिंगनं निघणार नाही, लायनर, म्हणजे आत नवी नळी टाकावी लागेल. टू-स्ट्रोकचा बोअर आहे, पोर्टच्या (भिंतीतल्या भोकांच्या) कडा होनिंगनंतर, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केल्यावर, हातानं मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. ते काम आप्पांनी इथे स्टुलावर बसून करावं, पंख्याखाली. भट्टी लांब आहे, काळजी नको.

ओतायचंच त्यांच्या मनात असेल तर तेही बघू. मूस मी धरीन, धातू कधी ओतायचा ते त्यांनी सांगावं.

आणि त्यांना हे विचारून ठेवा. बॉनव्हिलचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे हवेचा फरक आपल्याला बर्टइतकाच पडणार. खाली पारोळ्याला बरोबर लागलेला कार्बोरेटर वर गेला की पेट्रोल जास्त ओढेल, प्लग काळा पडेल. सुईची क्लिप एक खाच वर घ्यावी असं माझं मत आहे, पण त्या गाडीचा कार्बोरेटर आप्पांनी लावलाय, त्यांचं काय म्हणणं आहे ते कळवा.